निळं फूल पाहिजे? आधी बांधावर जा!

रील्समधलं निळंशार सायबेरियन आयरिस लोहाऱ्याच्या अंगणात फुलेल का? सरळ उत्तर आहे, नाही. पण ते का नाही हे शोधायला गेलं की आपली थंडी, आपली माती, आपलं पाणी आणि आपल्याच रानातला निळा रंग, सगळंच नव्यानं कळतं.

तुमच्याही फोनवर ते रील कधीतरी येऊन गेलं असेल. लांब, हिरवी, गवतासारखी पानं. त्यातून कमरेइतकी उंच दांडी. टोकाला निळंशार फूल, तीन पाकळ्या वर उभ्या आणि तीन खाली सोडलेल्या. मागे धुकं, लाकडी घर, तळं. खाली नाव, सायबेरियन आयरिस. बघणारा असतो लोहाऱ्यात, माकणीत नाहीतर जेवळीत, पंख्याखाली घाम पुसत. आणि डोक्यात एकच किडा वळवळायला लागतो, हे आपल्या दारात लागेल का?

फोनला तेवढंच पाहिजे असतं. पुढच्याच स्क्रोलला जाहिरात हजर. निळ्या आयरिसचे कंद, दहा नग, घरपोच. सेल संपायला फक्त एक तास. बोट बटणाच्या वर.

जरा थांबा दोस्तांनो. पैसे तुमचे आहेत, अंगण तुमचं आहे, हौस तर शंभर टक्के तुमचीच आहे. आणि हौसेला मोल नसतं, हे खरंच. पण ज्या फुलासाठी जीव टाकतोय, ते कुठलं, त्याला काय खायला-प्यायला लागतं, एवढी चौकशी तर करू. सोयरीक जुळवताना करतोच की!

नावात सायबेरिया, घर मात्र लांबरुंद

या फुलाचं शास्त्रीय नाव आयरिस सायबेरिका. आयरिस म्हणजे ग्रीक पुराणातली इंद्रधनुष्याची देवी. लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली आपल्या ग्रंथात हे नाव पक्कं केलं. नावात सायबेरिया असला तरी हे झाड नुसतं सायबेरियातलं नाही. मध्य आणि पूर्व युरोपातली ओलसर कुरणं, तुर्कस्तान, कॉकेशस ते पश्चिम सायबेरिया असा त्याचा मोठा पट्टा आहे.

तिकडे हिवाळ्यात सगळी पानं वाळून जातात. जमिनीखालची खोडं बर्फाखाली झोपून राहतात. बर्फ वितळलं की कोंब येतात आणि मे-जूनमध्ये फुलं. फुलाचा निळा रंग मधमाशीसाठी असतो. खाली झुकलेल्या पाकळीवर शिरांची नक्षी असते, ती माशीला मधाकडे जायची वाट दाखवते. विमानतळाच्या धावपट्टीवर दिवे असतात ना, तसंच काहीसं.

आयरिसच्या निळ्यानं माणसंही वेडी झाली आहेत. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं १८८९च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या मनोरुग्णालयात असताना तिथल्या बागेतली आयरिस रंगवली. ती सायबेरियन नव्हेत, दुसऱ्या जातीची, पण कूळ तेच. ते चित्र १९८७ साली ५ कोटी ३९ लाख डॉलरला विकलं गेलं. आज ते अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममध्ये आहे.

गंमत म्हणजे ज्या युरोपात हे फूल मूळचं, तिथंही त्याची रानातली जागा आता कमी होत चाललीय. ओली कुरणं कोरडी करून शेती झाली, तसं फूल हटलं. जर्मनीत तर रानातल्या सायबेरियन आयरिसला कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे जागा बदलली की ते फूल स्वतःच्या गावातही टिकत नाही. मग आपल्याकडे कसं टिकेल?

लोहाऱ्यात घोडं अडतं कुठं?

पहिली अडचण थंडीची. आपल्याकडे थंडी पडतच नाही असं नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मोटार चालू करायला रानात गेलेल्या पोराला विचारा. पण आपली थंडी पहाटेची पाहुणी आहे. दुपारी बारा वाजता शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागतात. सायबेरियन आयरिसला सलग कित्येक आठवडे गारठा लागतो. त्याशिवाय फुलाची कळी धरायची वेळ आली, हे झाडाला कळतच नाही. हरभऱ्याला आणि गव्हाला थंडी मानवते, हे आपल्या घरातल्या कुणालाही माहीत आहे. आयरिसचं त्याच्या कितीतरी पुढचं आहे. त्याला थंडी मानवते एवढंच नाही, थंडीशिवाय त्याचं पान हलत नाही. चुकून झाड जगलंच, तर नुसती पानं बघत बसायचं. म्हणजे महागडं गवत!

यावर इंटरनेटवर एक जुगाड सांगतात. कंद फ्रिजमध्ये ठेवा. बियांच्या बाबतीत हे खरं आहे. आयरिसचं बी ओल्या वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवलं तर उगवण चांगली होते. पण रोप मोठं झालं की दरवर्षी अख्खी कुंडी फ्रिजमध्ये घालणार का? दूध, कोथिंबीर आणि शिळी पोळी यांच्यामध्ये कुंडी दिसली, की आईकडून जे ऐकावं लागेल त्याला कुठलंच झाड टिकणार नाही.

दुसरी अडचण मातीची. आपली जमीन काळी, भारी, बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. तिचा सामू साताच्या वर, कित्येकदा आठाच्या आसपास. सायबेरियन आयरिसला किंचित आम्लधर्मी, पालापाचोळ्यानं भुसभुशीत झालेली माती आवडते. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. मग पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. ओळखीचं वाटतंय ना? बरोबर. कोवळं सोयाबीन पिवळं पडतं तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. आपल्या मातीत रुळलेल्या पिकाची ही गत, तर कुरणात वाढलेल्या पाहुण्याचं काय होईल?

तिसरी अडचण पाण्याची. ती तर आपल्याला कुणी शिकवायला नको. या झाडाला वाढीच्या आणि फुलाच्या दिवसांत ओल लागते. तिकडे ते दिवस म्हणजे एप्रिल, मे, जून. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर, बोअर आटलेलं आणि माकणीच्या निम्न तेरणा धरणात किती पाणी उरलं याची गावभर चर्चा. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आज कॉलेजात असलेल्या पोरांनी लहानपणी घागरींच्या रांगा बघितल्यात. अशा ठिकाणी एका फुलासाठी रोज बादली ओतायची का, हा प्रश्न बागकामाच्या पुस्तकात नसतो. आपल्या घरात मात्र असतो.

तर लोहाऱ्यात सायबेरियन आयरिस का नाही, याचं उत्तर आपल्याच शिवारात लिहिलेलं आहे. भारतात आयरिस बघायचीच असतील तर काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडाच्या डोंगराळ भागात जावं लागतं. काश्मीरमध्ये तर कबरस्तानात आयरिस लावायची जुनी रीत आहे. वसंतात तिथं कबरींवर निळी-जांभळी-पांढरी फुलं डोलतात. तिकडे सहलीला गेलात तर ट्यूलिपबरोबर यांचाही एक फोटो काढा.

कार्टमधल्या निळ्याचा घोळ

आता त्या जाहिरातीकडे वळू. ऑनलाइन बियाण्याच्या बाजारात निळा रंग सगळ्यात जास्त फसवतो. निळा गुलाब, निळी स्ट्रॉबेरी, निळी मिरची, फोटोत सगळं मिळतं. कारण मोबाइलवर फोटोचा रंग बदलायला पाच सेकंद लागतात. निसर्गाला मात्र निळा रंग अवघड जातो.

गुलाबाचंच बघा. निळ्या फुलांत बहुतेक वेळा डेल्फिनिडिन नावाच्या रंगद्रव्याची कमाल असते. गुलाबाला ते बनवताच येत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं आणि तिच्या ऑस्ट्रेलियन जोडीदारांनी त्यासाठी वर्षानुवर्षं प्रयोगशाळा चालवली. दुसऱ्या फुलांतली जनुकं गुलाबात घातली. काही प्रयोगांत तर आयरिसचंही एक जनुक वापरलं. २००९ साली तो गुलाब जपानच्या बाजारात आला. आणि रंग? फिकट जांभळा! एवढी मोठी कंपनी जिथं जांभळ्यावर अडकली, तिथं घरपोच येणाऱ्या पाकिटातून निळाशार गुलाब उगवेल का, याचा हिशोब तुम्हीच करा.

अजून एक गोष्ट. परदेशातून कंद, रोपं, बिया थेट पोस्टानं मागवणं हा नुसता खरेदीचा मामला नाही. २००३च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरनुसार त्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. हा कागदी खेळ वाटेल. पण एका कंदाच्या मातीतून नवी कीड किंवा बुरशी आली, तर ती आपल्या अंगणात थांबत नाही. शेजारच्या तुरीत, हरभऱ्यात जाते. त्यात नुकसान होतं ते शेती करणाऱ्या घराचं.

डॉक्टरांचं आयरिस आणि आपली कळलावी

सायबेरियन आयरिसच्या गोष्टीत एक भन्नाट माणूस आहे, डॉ. करियर मॅकएवन. न्यूयॉर्कमध्ये सांधेदुखीचे नामांकित डॉक्टर, मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाचे डीन. वयाच्या पन्नाशीनंतर त्यांना आयरिसचा नाद लागला. त्यांच्या हाताशी एक औषध होतं, कोल्चिसीन. गाऊट नावाच्या सांधेदुखीवर ते देतात. हेच रसायन कोवळ्या रोपावर नेमक्या प्रमाणात वापरलं, तर पेशीतली गुणसूत्रं दुप्पट होतात. मॅकएवन यांनी सायबेरियन आयरिसवर ते करून बघितलं. २८ गुणसूत्रांची ५६ झाली आणि त्यातून मोठ्या, जाड पाकळ्यांच्या, गडद रंगाच्या जाती निघाल्या. २००३ साली गेले तेव्हा ते १०१ वर्षांचे होते. निवृत्तीचं वय आणि हौसेचं वय वेगळं असतं, हे त्यांच्याकडून शिकावं.

आता ऐका आपल्याशी जोडलेला धागा. हे कोल्चिसीन ज्या वनस्पतींत असतं, त्यातली एक म्हणजे आपली कळलावी. कुणी तिला खड्यानाग म्हणतं, कुणी अग्निशिखा. पावसाळ्यात महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी कुंपणावर, झुडपांत ती चढते. लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं. तमिळनाडूचं ते राज्यफूल आहे आणि तिथले शेतकरी औषध कंपन्यांसाठी तिच्या बियांची शेती करतात. पण सावधान. कळलावी जबर विषारी आहे. कंद, बी, काहीही तोंडात घालायचं नाही आणि औषध म्हणून प्रयोग तर अजिबात नाही. लांबून बघायचं, फोटो काढायचा, पुढं चालायचं.

सांगायचं एवढंच की अमेरिकेतल्या बागेत आयरिसला भारदस्त करणारं रसायन आपल्या कुंपणावरच्या वेलीतही आहे. आणि आपण त्या वेलीकडे बघत नाही, कारण नजर फोनमध्ये.

आयरिसचे भाऊबंद आपल्याकडे आहेत

आयरिसच लावायचं अशी जिद्द असेल, तर त्याच्याच कुळातलं एक झाड आपल्याकडे मजेत येतं, ग्लॅडिओलस. हो, लग्नाच्या स्टेजवर आणि सत्काराच्या गुच्छात दिसणारी ती उंच दांडी. केशरसुद्धा याच आयरिस कुळातलं. सध्या एसी लावलेल्या खोलीत केशर पिकवायचे व्हिडिओ जोरात आहेत, पण त्यात विजेचं बिल किती येतं ते आधी विचारा.

ग्लॅडिओलसचं तसं नाही. महाराष्ट्रात त्याची शेती होते. पुण्यात गणेशखिंडला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं फुलांवरचं संशोधन चालतं. तिथून आलेल्या ग्लॅडिओलसच्या जातींची नावं बघा, फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले तेजस आणि फुले नीलरेखा. शेवटच्या नावातच निळी रेघ आहे!

लावायची पद्धत सोपी. सप्टेंबर ते नोव्हेंबर ही आपल्याकडची चांगली वेळ. काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि कंद सडतात, म्हणून गादीवाफा करायचा. मातीत भरपूर शेणखत आणि थोडी वाळू. कंद चार-पाच बोटं खोल, एकमेकांपासून वीतभर लांब. ऊन भरपूर. जातीप्रमाणे दोन-तीन महिन्यांत दांडा येतो. खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की दांडा कापून पाण्यात ठेवायचा, बाकीच्या कळ्या घरात उमलतात. फुलं गेली तरी पानं कापायची नाहीत. ती पिवळी पडेपर्यंत जमिनीखाली पुढच्या वर्षीचा कंद भरत असतो. नंतर कंद काढून, सावलीत सुकवून, हवेशीर जागी ठेवायचे. एकदा घेतलेले कंद वर्षानुवर्षं चालतात आणि वाढतातही. दोस्तांना वाटा, नाहीतर अदलाबदल करा.

कुंपणावरचं निळं : गोकर्ण

पण खरा निळा, अगदी आयरिसला टक्कर देणारा निळा पाहिजे असेल, तर गोकर्ण. गाईच्या कानासारखं दिसतं म्हणून गोकर्ण. संस्कृतात अपराजिता, म्हणजे जी हरत नाही ती. आपल्या उन्हात तिचं वागणं बघितलं की नाव पटतं.

या वेलीचं शास्त्रीय नावही लिनियसनं त्याच १७५३च्या ग्रंथात दिलं, क्लिटोरिया टर्नेटिया. टर्नेटिया हे इंडोनेशियातल्या तेर्नाते बेटावरून. फूल नीट बघा. वाटाण्याच्या, तुरीच्या फुलात मोठी पाकळी वर असते. गोकर्णात ती खाली असते. म्हणजे फूल चक्क उलटं लागतं! आणि तुरीची आठवण उगाच काढली नाही. गोकर्ण शेंगवर्गीय आहे. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात. आयरिसला खत घालावं लागतं, गोकर्ण मातीला खाऊ घालते.

आता विज्ञानाची मजा. आयरिसचा निळा आणि गोकर्णाचा निळा यांच्या मुळाशी एकाच घराण्यातलं रंगद्रव्य आहे, तेच गुलाबाला न जमणारं डेल्फिनिडिन. पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाका, पाणी निळं होतं. त्यात लिंबू पिळा, जांभळं-गुलाबी होतं. दुसऱ्या ग्लासात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, हिरवट होतं. आम्ल आणि अल्कली ओळखायचं हे घरचं यंत्र. दहावीच्या पुस्तकातला लिटमस कागद शाळेत बघायला मिळाला नसेल, तर कुंपणावर लटकतोय की!

मलेशिया, थायलंडमध्ये या फुलानं भात आणि सरबतं रंगवतात. आपल्याकडेही ‘ब्लू टी’ म्हणून वाळलेली फुलं ऑनलाइन चढ्या भावानं विकली जातात. ते बघून लगेच अर्ध्या एकरात वेल लावायचा विचार डोक्यात आला असेल, तर आधी गणित करा. फुलात बहुतेक पाणीच असतं. किलोभर वाळलेल्या फुलांसाठी हजारो फुलं रोज सकाळी हातानं खुडावी लागतात, सावलीत वाळवावी लागतात. खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. घ्यायला गिऱ्हाईक आधी ठरलेलं पाहिजे. म्हणून पहिल्या वर्षी चार वेल दारात लावा, हात बसवा, मग बाजाराचं बघा.

जागेचा प्रश्न आपल्याकडे तसा कमी आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर सास्तूरसारखी कितीतरी गावं नव्या जागेवर वसली. जुनी चिकटून असलेली घरं गेली, नव्या गावठाणात रस्ते रुंद झाले, घराभोवती मोकळी जागा आली. आज विशीत असलेल्या पोरांचा जन्म या नव्या गावांतला. ज्यांनी ती रात्र बघितली, त्यांच्यासाठी त्या जागेचा अर्थ वेगळा आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत तिथं एखादा वेल चढला, फुलला, तर ती काही छोटी गोष्ट नाही.

बांधावरचं निळं : केना

आणि आता सगळ्यात शेवटचं, सगळ्यात जवळचं निळं. केना. हो हो, तोच सोयाबीनमधला केना. ज्याला खुरपताना आई-आजीची कंबर मोडते आणि जो उपटून टाकला तरी पाऊस पडला की कांड्याकांड्यातून पुन्हा मुळं धरतो. त्याचं फूल कधी वाकून बघितलंय? सकाळी उमलतं, दुपारी मिटून जातं. दोन निळ्या पाकळ्या आणि एक जरा लहान. निळा असा, की आयरिसनं लाजावं.

त्याचं शास्त्रीय नावही १७५३च्याच ग्रंथातलं, कॉमेलिना बेंगालेन्सिस. त्यामागे गोष्ट आहे. कोमेलिन नावाच्या डच घराण्यात तिघं वनस्पतींचे अभ्यासक होते. दोघं नावाजले, तिसरा काही मोठं काम करण्याआधीच गेला. लिनियसनं म्हटलं, दोन ठळक पाकळ्या त्या दोघांच्या, फिकी राहिलेली तिसऱ्याची. त्या दोघांतला जान कोमेलिन आपल्या देशाशी जोडलेला आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला, त्याच्या संपादनात जानचा हात होता.

केन्याचा जपानी भाऊबंद तर कलाकारांच्या कामाला आला. तिथं त्याच्या निळ्या पाकळ्यांचा रंग काढून कापडावर नक्षीची रेघ मारायला वापरत आणि नंतर ती रेघ पाण्यानं धुऊन टाकत. आपला केना याहून चलाख. तो जमिनीखालीसुद्धा फुलं धरतो, ती न उमलताच त्यात बी तयार होतं. म्हणून तर खुरपून खुरपून संपत नाही!

म्हणून काही कुणी केना लावा म्हणणार नाही. पिकात तो तणच. ज्या बाईला दिवसभर वाकून तो काढावा लागतो, तिच्यासमोर त्याच्या सौंदर्यावर भाषण दिलंत तर खुरपं हातात मिळेल. मिळालं तर घ्या, एक ओळ खुरपून द्या. त्या ओळीत निळी फुलं किती दिसली ते मोजा. ज्या बांधावर तणनाशक मारलेलं नाही तिथली कोवळी पानं ओळखून आणली, तर केन्याची भाजी आणि भजी घरातल्या जुन्या माणसांना करता येतात. त्यांना विचारा, फार खूश होतील.

आयरिसचं रील बघताना मन लांब जातं, त्यात वाईट काहीच नाही. लांबचं बघावंच. पण लोहाऱ्यात उगवणारं निळं आपल्याला नावानिशी माहीत नाही आणि सायबेरियातल्याचं भाव-ताव पाठ, ही मात्र गडबड आहे. रानातल्या झाडांची नावं घरातली म्हातारी माणसं सांगू शकतात, तोवर ती विचारून घ्यायला पाहिजेत. ती माणसं गेली की ती नावं कुठल्याच ॲपवर सापडणार नाहीत.

दारात गोकर्ण लावायची तर...

- बी कुठून आणायचं? विकत घ्यायची गरज नाही. शेजारच्या वेलीवरच्या वाळलेल्या, तपकिरी शेंगा मागून घ्या. तडकायच्या आत काढा.
- भिजवायचं किती? बियांचं टरफल कडक असतं. एका बाजूनं पॉलिश पेपरवर हलकं घासा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. फुगलेलं बी आधी लावा.
- कधी लावायचं? जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येही चालतं.
- कुठं लावायचं? दिवसभर ऊन येईल अशा कुंपणापाशी. कुंडीत लावायचं तर बूड भोक असलेली मोठी कुंडी किंवा जुना डबा. चढायला तार, काठी, सुतळी काहीही चालतं.
- पाणी किती? रोप लहान असताना माती ओली राहील इतकं. एकदा रुजलं की वरची माती सुकल्यावरच. भांडी-भाज्या धुतलेलं साबण नसलेलं पाणी उत्तम.
- फुलं कधी? साधारण दीड-दोन महिन्यांत सुरू होतात. शेंडे खुडले की फांद्या वाढतात आणि फुलंही.
- औषध म्हणून? वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.
- माती तपासायची असेल तर? तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. घरच्या शेतातलाही एक नमुना बरोबर न्या. फुलाच्या निमित्तानं शेताचंही काम होईल.

पहिलं फूल उमललं की फोटो काढा आणि टाका बिनधास्त. हॅशटॅग काय द्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त फोटोखाली गावाचं नाव लिहायला विसरू नका. म्हणजे तिकडे लांब थंडीत बसलेल्या कुणाच्या तरी फोनवर ते जाईल आणि त्याला प्रश्न पडेल, हे आपल्या दारात लागेल का?